कॉम्प्युटर नेटवर्क्सचा पेपर: सात लेयर पाठ होतात, पण वापरायचे कसे?

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर किंवा आयटी घ्या, नाहीतर बीसीए, बीएससी करा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' हा पेपर येतोच. परीक्षा झाली की बहुतेकांच्या डोक्यात त्यातलं दोनच गोष्टी उरतात: सात लेयरची आकृती आणि सबनेटिंगची गणितं. माझ्याही तेवढ्याच उरल्या होत्या. मार्क चांगले पडले होते, ओरलला एक्सटर्नल सरांना लेयरची नावं वरून खाली आणि खालून वर म्हणून दाखवली होती. पण ते लेयर कशासाठी असतात हे मला कळलं ते डिग्री हातात आल्यानंतर, आमच्या छावणीतल्या एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात.

या लेखात आपण या पेपरमध्ये काय काय असतं, त्यातलं कुठे थांबून वाचावं आणि काय भराभर पुढे न्यावं, ते बघू.

पेपरमध्ये असतं काय?

विद्यापीठ कुठलंही असो, साचा साधारण सारखाच असतो. पहिल्या युनिटमध्ये नेटवर्कचे प्रकार, टोपॉलॉजी, ओएसआय आणि टीसीपी/आयपी मॉडेल. मग फिजिकल आणि डेटा लिंक लेयर: केबल, फ्रेम, एरर तपासणी, इथरनेट, मॅक अ‍ॅड्रेस. मग नेटवर्क लेयर: आयपी अ‍ॅड्रेस, सबनेटिंग, राउटिंग. त्यावर ट्रान्सपोर्ट लेयर, म्हणजे टीसीपी आणि यूडीपी. शेवटी अ‍ॅप्लिकेशन लेयर: डीएनएस, एचटीटीपी, ईमेल. शेवटचं युनिट सबमिशनच्या गडबडीत येतं आणि दोन लेक्चरमध्ये उरकलं जातं. नोकरीत रोज लागतं नेमकं तेच.

टोपॉलॉजीच्या आकृत्यांवर फार वेळ घालवू नका. बस आणि रिंग टोपॉलॉजी आता लॅबमध्येही दिसत नाहीत. स्टार कळली की पुढे चला.

सात लेयरचं मॉडेल आयएसओने १९८४ साली प्रसिद्ध केलं. इंटरनेट मात्र त्यावर उभं राहिलं नाही. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ च्या पेपरमध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी/आयपी तयार झालं, आणि १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट त्याच्यावर गेलं. म्हणजे ओएसआय छापून येईपर्यंत दुसरं मॉडेल कामाला लागलेलं होतं. मग सात लेयर अजून का शिकवतात? माझ्या मते एकाच कारणासाठी: बिघाड कुठे आहे हे शोधताना एकेक पायरी वगळत जाता येतं. पण तसं शिकवलं मात्र जात नाही.

दुकानातली ती रात्र

शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, मुदत रात्री बारापर्यंत. दुकानात चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि बाहेर सात-आठ मुलं कागदपत्रांच्या फायली घेऊन उभी. संध्याकाळी लाइट गेली आणि तासाभराने आली. त्यानंतर एकाही कॉम्प्युटरवर साइट उघडेना. भाईंनी मला घरून बोलावून घेतलं, गल्लीतला इंजिनिअर म्हणून. मी काय केलं? राउटर बंद-चालू केला. कॉम्प्युटर बंद-चालू केले. परत राउटर. असा पाऊण तास गेला. साडेनऊ वाजले.

मग एका मुलीने विचारलं, "दादा, होईल ना?" तेव्हा जरा लाज वाटून खुर्चीत बसलो आणि क्रमाने बघायला लागलो.

सगळ्यात वर अ‍ॅप्लिकेशन. एकच साइट बंद आहे का सगळ्या? सगळ्या. डीएनएस बिघडलंय का? साइटच्या नावाऐवजी थेट आकड्याला पिंग केलं, ८.८.८.८ ला. तेही नाही. म्हणजे नावाचा प्रश्न नव्हता, बिघाड त्याच्या खाली होता. सगळ्यात खाली केबल: पोर्टचे दिवे लुकलुकत होते. फिजिकल ठीक. आयपीकॉन्फिग मारलं, अ‍ॅड्रेस आला १९२.१६८.०.१०१, गेटवे १९२.१६८.०.१. गेटवेला पिंग केलं तर उत्तर लगेच आलं. म्हणजे कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत सगळं ठीक. ट्रेसराउट मारलं तर पहिल्या टप्प्यानंतर नुसत्या चांदण्या.

मी निकाल देऊन टाकला: "लाइनच बंद आहे बाहेरून." त्यावर भाई म्हणाले, "मोबाइलपे तो चल रा ना बेटा, वायफायपे." आणि खरंच चालत होतं. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे चारही कॉम्प्युटरवरून प्रिंटर सापडत नव्हता. प्रिंटरचा इंटरनेटशी काय संबंध?

मोबाइलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅड्रेस बघितला: १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१. कॉम्प्युटरवर तिसरा आकडा शून्य, मोबाइलवर एक. आयपीकॉन्फिगमध्ये मी ते आधीच वाचलं होतं, पण '१९२.१६८' दिसलं की डोकं पुढचं वाचत नाही. दोन वेगळे गेटवे म्हणजे दुकानात दोन राउटर होते. मग कॉम्प्युटरवर एआरपीची यादी काढली, म्हणजे कोणत्या आयपीमागे कोणता मॅक अ‍ॅड्रेस आहे ती. १९२.१६८.०.१ चा मॅक मुख्य राउटरच्या स्टिकरशी जुळत नव्हता. टेबलाखाली वाकून बघितलं तर तिथे एक जुना राउटर धूळ खात पडला होता, त्याच्या स्टिकरवरच्या नंबरशी जुळला. आठवड्यापूर्वी पोर्ट कमी पडतात म्हणून भाईंनीच तो स्विचसारखा मध्ये लावला होता. प्रिंटर आणि कॉम्प्युटर त्याच्यातूनच जात होते.

आता झालं काय ते बघा. नेटवर्कमध्ये नवीन यंत्र आलं की ते मोठ्याने विचारतं, 'मला अ‍ॅड्रेस कोण देणार?' याला डीएचसीपी म्हणतात. दुकानात उत्तर देणारे दोघं होते. दोन्ही राउटर रात्रंदिवस चालू असायचे आणि आठवडाभर या शर्यतीत नशिबाने मुख्य राउटरच जिंकत होता. लाइट जाऊन आल्यावर जुना राउटर आधी उठला, फायबरवाल्याला उठायला दोन-तीन मिनिटं लागली. तेवढ्यात चारही कॉम्प्युटर जुन्याकडून अ‍ॅड्रेस घेऊन बसले. त्या जुन्याच्या इंटरनेटच्या पोर्टला काहीच जोडलेलं नव्हतं. गेटवे उत्तर देत होता, पण त्याच्या पलीकडे रस्ताच नव्हता. आणि मी दर वेळी राउटर बंद-चालू करत होतो तो मुख्य. त्यामुळे प्रत्येक वेळी जुन्यालाच जिंकायची आणखी एक संधी देत होतो.

जुन्याची केबल काढली, कॉम्प्युटरच्या आणि प्रिंटरच्या केबल मुख्य राउटरला बसतील तेवढ्या लावल्या, अ‍ॅड्रेस नव्याने घ्यायला लावले. पावणेअकराला पहिली साइट उघडली. बारा वाजायच्या आत सगळ्यांचे फॉर्म गेले, शेवटचा अकरा पन्नासला. दुसऱ्या दिवशी जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२ हा ठरलेला अ‍ॅड्रेस दिला आणि परत स्विच म्हणून लावला. वर कागद चिकटवलाय: 'रीसेट करू नये.'

प्रिंटर का सापडत नव्हता, म्हणजेच सबनेट मास्क

हे नीट समजलं तर सबनेटिंगचं अर्धं युनिट झालंच म्हणून समजा. प्रिंटरला कायमचा अ‍ॅड्रेस दिलेला होता, १९२.१६८.१.५०. कॉम्प्युटर होता १९२.१६८.०.१०१, मास्क २५५.२५५.२५५.०. दोघंही एकाच डब्याला केबलने जोडलेले, मध्ये हातभर अंतर. तरी भेट नाही.

कारण पॅकेट पाठवण्याआधी कॉम्प्युटर एकच प्रश्न विचारतो: समोरचा माझ्या नेटवर्कातला आहे का? मास्कमध्ये जिथे २५५ आहे ते आकडे दोघांचे सारखे असले तर 'हो'. मग तो एआरपीने समोरच्याचा मॅक अ‍ॅड्रेस विचारतो आणि फ्रेम थेट त्याला देतो. इथे तिसरा आकडा ० आणि १, म्हणून उत्तर 'नाही'. 'नाही' असलं की पॅकेट गेटवेकडे जातं, आणि आमच्या गेटवेला पुढे कुठे द्यायचं ते माहीत नव्हतं. प्रिंटर शेजारी आहे हे कॉम्प्युटरला दिसतच नाही, त्याला फक्त आकडे दिसतात.

परीक्षेतलं गणितही हाच प्रश्न विचारतं, फक्त मास्क आकड्याच्या मधोमध कापलेला असतो. समजा कॉलेजच्या चार लॅबसाठी १९२.१६८.१०.० चे चार भाग करायचे आहेत. चार भागांसाठी दोन बिट लागतात, म्हणून २४ च्या जागी /२६. उरले ६ बिट, म्हणजे प्रत्येक भागात ६४ अ‍ॅड्रेस. त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, यंत्रांना उरले ६२. भाग सुरू होतात ०, ६४, १२८ आणि १९२ ला. आता सांगा, १९२.१६८.१०.५० आणि १९२.१६८.१०.७० एकमेकांशी राउटरशिवाय बोलू शकतील? नाही, कारण ५० पहिल्या भागात आणि ७० दुसऱ्यात. सूत्र पाठ करण्यापेक्षा भाग कुठे सुरू होतात ते कागदाच्या कडेला लिहा, बाकीची सगळी उत्तरं त्यातून निघतात.

गुरुवारचा बाजार आणि पॅकेट स्विचिंग

'सर्किट स्विचिंग आणि पॅकेट स्विचिंगमधला फरक लिहा' हा हमखास प्रश्न. पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा आमच्याकडचं उदाहरण सोपं आहे. लष्कराच्या गाड्यांचा ताफा निघतो तेव्हा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवतात. ताफ्यातल्या दोन गाड्यांत अंतर असलं तरी मधल्या जागेत कोणी घुसायचं नाही. हे सर्किट स्विचिंग, जुन्या टेलिफोनसारखं. गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार भरतो तेव्हा त्याच रस्त्यावरून हातगाडी, रिक्षा, बकऱ्या आणि माणसं जिथे फट दिसेल तिथून पुढे सरकतात. कोणासाठी जागा राखीव नाही. रस्ता पुरेपूर वापरला जातो, पण पोहोचायला किती वेळ लागेल याची खात्री नाही, आणि फारच गर्दी झाली तर काहींना मागे फिरावं लागतं. राउटरचा बफर भरला की तो पॅकेट टाकून देतो, ते हेच.

स्पीड चांगलाय, तरी साइट हळू का?

बँडविड्थ आणि डिले या दोन गोष्टी भल्याभल्यांना एकच वाटतात. पंचक्कीला पाणी डोंगराकडच्या झऱ्यातून मातीच्या बंद नळांमधून आणलेलं आहे. नळ जाड केला तर एका मिनिटाला जास्त पाणी येईल. पण झऱ्यावर सोडलेला पहिला थेंब चक्कीपर्यंत यायला जो वेळ लागतो, तो नळ जाड केल्याने जात नाही. जाडी म्हणजे बँडविड्थ, थेंबाचा वेळ म्हणजे डिले. (ही उपमा इथेच थांबवा. पाण्यावर पत्ता लिहिलेला नसतो, पॅकेटवर असतो.)

आकडे घालून बघू. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई साडेतीनशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ७०० किलोमीटर, म्हणजे ३.५ मिलिसेकंद. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद. समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, मध्ये राउटरही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या आसपास धरा. कंपनी कुठलीही घ्या, प्लॅन कितीही महाग घ्या, १२५ च्या खाली ती जाऊ शकत नाही.

आता गंमत बघा. टीसीपीच्या मूळ हेडरमध्ये विंडोसाठी १६ बिट आहेत, म्हणजे पोच येण्याआधी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट रस्त्यात असू शकतात. पोच यायला २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला साधारण २६ लाख बिट, म्हणजे २.६ एमबीपीएस. लाइन १०० एमबीपीएसची असली तरी एवढंच! म्हणून १९९२ साली विंडो स्केलिंगची सोय आली आणि आताच्या यंत्रांत ती आपोआप चालू असते. 'बँडविड्थ-डिले प्रॉडक्ट' नावाचं गणित पेपरात येतं ते हेच आहे. ते ऑप्शनला टाकू नका.

टीसीपी सावध का चालतो?

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटवर आला. दोन्ही जागांमधलं अंतर सुमारे ४०० यार्ड, म्हणजे चारशे मीटरही नाही. केबल तुटली नव्हती, कुठलं यंत्र बिघडलं नव्हतं. गर्दी झाली, पॅकेट हरवली, हरवली म्हणून सगळ्यांनी परत पाठवली, त्याने गर्दी आणखी वाढली. प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःपुरता बरोबर वागत होता आणि सगळे मिळून रस्ता बंद करत होते. (त्याच १९८६ साली आपल्याकडे अर्नेट सुरू होत होतं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला, तेव्हा व्हीएसएनएलने ते दिलं.)

व्हॅन जेकबसन यांनी याचा छडा लावला आणि १९८८ साली उपाय मांडले. पॅकेट हरवलं तर ते गर्दीचं लक्षण समजायचं आणि आपणच वेग कमी करायचा. सुरुवात थोड्या पॅकेटनी करायची, पोच येत गेली की दर फेरीला दुप्पट करायची. यालाच स्लो स्टार्ट म्हणतात. टीसीपीच्या वेगाचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो आणि मुलं तो नुसता चित्र म्हणून काढतात. यात लक्षात ठेवायचं ते एवढंच की वेग कमी करायला कोणी पोलीस उभा नाही. रस्त्यातल्या राउटरला विचारायला न जाता दोन्ही टोकांचे कॉम्प्युटर स्वतःहून मागे सरतात. यूडीपीत हे नसतं, म्हणून तो वापरताना ही जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर येते. मी नोकरीत पहिल्यांदा यूडीपीवर काम केलं तेव्हा हे विसरलो होतो, आणि ऑफिसचं वायफाय अर्धा तास बसवलं होतं.

एकच अ‍ॅड्रेस सगळ्यांकडे कसा?

आयपीव्ही४ मध्ये ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी अ‍ॅड्रेस. जगाला केव्हाच पुरेनासे झाले. म्हणून १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले, आणि बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी आपला पत्ता लावतो. याला नॅट म्हणतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी इंटरनेट देणारी कंपनीही तिच्या बाजूने आणखी एकदा नॅट करते. तुमच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूचा अ‍ॅड्रेस १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर समजा की तसंच आहे. दुकानातला सीसीटीव्ही घरून दिसावा म्हणून लोक राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करत बसतात आणि ते चालत नाही, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. कंपनीकडून स्वतंत्र पब्लिक आयपी घ्यावा लागतो किंवा आयपीव्ही६ वापरावं लागतं.

कुठून वाचायचं, काय करून बघायचं

पुस्तकं तीन. फोरोझान सोपं आहे, आकृत्या भरपूर, पेपरसाठी तेवढं पुरतं. टॅनेनबॉम गोष्टीसारखं वाचता येतं, पण खालून वर जातं. कुरोस आणि रॉस यांचं पुस्तक उलट वरून, म्हणजे ब्राउझरपासून सुरू होतं. मी आज शिकलो असतो तर इथून सुरुवात केली असती, कारण ब्राउझर आपण रोज बघतो आणि 'यूआरएल टाकल्यावर काय काय होतं?' हा प्रश्न इंटरव्ह्यूमध्ये फार वेळा विचारतात. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा कोर्स फुकट आहे.

प्रॅक्टिकलमध्ये केबल क्रिंप करायला लावतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जर्नलमध्ये लिहा, पण एकदा स्वतःच्या हाताने कराच, निदान एक केबल वाया जाऊ द्या. पॅकेट ट्रेसरवर नेटवर्क उभं करणं बरं, पण त्यात सगळं आपण मांडलेलं असतं, त्यामुळे जुना राउटर टेबलाखाली सापडत नाही.

त्यासाठी वायरशार्क. फुकट आहे, लॅपटॉपवर टाका. फिल्टरच्या जागी डीएचसीपी लिहा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिगने अ‍ॅड्रेस सोडा आणि परत मागा. परत मागताना चार पॅकेट दिसतील: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅकनॉलेज. प्रत्येकावर क्लिक करून कुठल्या मॅक अ‍ॅड्रेसवरून आलं ते बघा. हॉस्टेलवर करून बघितलंत आणि दोन वेगळ्या मॅकवरून ऑफर आल्या, तर कोणाच्या तरी खोलीत जुना राउटर लावलेला आहे.